राठोड सरांचा नायक

राठोड सरांना माणूस वगळता येत नसे. पीटीच्या मास्तरला वगळता न येणं म्हणजे गणिताच्या मास्तरला वजाबाकी न येणं, असं मी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणायचो. मी गणिताचा मास्तर. मला माझा हा विनोद फार आवडायचा. सर दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे आणि खिशातल्या भाजलेल्या शेंगा काढून माझ्यापुढे ठेवायचे.

पुसदच्या आमच्या शाळेत त्यांची बत्तीस वर्षं गेली. ठेंगणे, सावळे, डोक्यावर बारा महिने पांढरी टोपी आणि गळ्यात शिट्टी. पण शिट्टी ते क्वचितच वाजवत. पोरांना नावानं हाका मारत. "शिट्टी मारली का सगळेच दचकते," ते म्हणत, "ज्याचं काम नाई थोही." आठशे पोरांची नावं त्यांना पाठ होती आणि त्यांच्या बापांचीही.

एका वर्षी तालुक्याच्या फुटबॉल स्पर्धेला ते सतरा पोरं घेऊन गेले. बाकीच्या शाळांचे मास्तर चांगले अकरा खेळवत होते आणि उरलेल्यांना पाण्याच्या बाटल्या सांभाळायला बसवत होते. आमच्या सरांनी दर चार-पाच मिनिटांनी पोरं बदलायला सुरुवात केली. एक बाहेर, एक आत, दोन बाहेर, दोन आत. शेवटी पंच वैतागला.

"राठोड सर, मॅच खेळवून राह्यले का येष्टी भरून राह्यले?"

आम्ही पाच गोलांनी हरलो. मी त्या दिवशी सोबत होतो. परतीच्या टेम्पोत पोरं रडतील असं मला वाटलं होतं, पण ती घसा फाटेस्तोवर गाणी म्हणत होती. सर ड्रायव्हरच्या शेजारी बसून माझ्याकडे वळले आणि समाधानानं म्हणाले, "सतराही जण खेळले बाप्पा." बत्तीस वर्षांत त्यांच्या संघानं एकही कप आणला नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात वक्तृत्वाच्या ढाली होत्या, विज्ञान प्रदर्शनाच्या होत्या, खेळाचं मात्र काहीच नव्हतं. सर त्या कपाटासमोरून जाताना तिकडे बघत नसत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

फँटसी फुटबॉल आमच्या स्टाफरूममध्ये मी आणलं. इंग्लंडातल्या खऱ्या क्लबांमधले खरे खेळाडू निवडायचे आणि मोबाईलवर आपला पंधरा जणांचा खोटाखोटा संघ बांधायचा. अकरा खेळणारे, चार राखीव. आपल्या खेळाडूनं त्या आठवड्याच्या खऱ्या सामन्यात गोल केला किंवा अडवला की आपल्याला गुण. एकाला कप्तान करायचं, त्याचे गुण दुप्पट. कप्तान उतरलाच नाही तर उपकप्तानाचे दुप्पट. ऑगस्टपासून मेपर्यंत हे चालतं. पैसे लावायचे नाहीत असं पहिल्याच दिवशी ठरलं होतं. जिंकणाऱ्याला शेवटी शाल आणि नारळ, बस्स. आम्ही आठ जण होतो. पहिली दोन वर्षं मीच जिंकलो. माझ्याकडे वही होती, तक्ते होते, आणि खरं सांगतो, त्या दोन्ही शाली मी घरी कपाटात येणाऱ्याजाणाऱ्याला सहज दिसतील अशा ठेवल्या होत्या.

तिसऱ्या वर्षी राठोड सर म्हणाले, "मलेबी घ्या." त्यांचं ते नोकरीचं शेवटचं वर्ष होतं.

त्यांचा मोबाईल जुना, काचेला तडे गेलेला आणि इंग्रजी बारीक अक्षर त्यांना दिसत नसे. म्हणून त्यांचा संघ मी माझ्या मोबाईलवर बांधून दिला. पासवर्डही मीच ठेवला. "तुमच्याच हातानं होऊ द्या," ते म्हणाले. मी त्यांना तक्ते दाखवायला लागलो तर त्यांनी वही मिटवली.

"आकडे राहू द्या. पोट्टे दाखवा."

मग मी एकेकाचा फोटो मोठा करून दाखवला आणि सर तोंडं पाहून निवडत गेले. "याले घ्या, याचे डोये चांगले हाय." "हा नको, हा आईले उलटून बोलत असन." एका गोलरक्षकाचा फोटो पाहून म्हणाले, "हा उपाशी दिसते, घ्या याले." विलायती नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी स्वतःच बारसं केलं. उपाशी गोलरक्षक लंबू झाला. दाढी राखलेला नावाजलेला गोल करणारा होता, तो दाढीवाला. आणि एक एकोणीस वर्षांचं पिंगट केसांचं नवखं पोर होतं, ज्याला त्याचा खरा क्लबसुद्धा धड खेळवत नव्हता, तो भुऱ्या. मडावी मॅडम मराठी शिकवायच्या. झरीकडच्या, बोलायला तिखट, लीगमध्ये आमच्यासोबत होत्या. त्या म्हणाल्या, "सर, हा संघ हाय का वऱ्हाड?"

कप्तान कोणाला करायचं असं मी विचारलं तेव्हा सरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. सर बंजारा. पुसदपासून पाऊण तासावरच्या तांड्यावर त्यांचं घर. त्यांचे आजोबा त्या तांड्याचे नायक होते. नायक म्हणजे तांड्याचा कर्ताधर्ता, ज्याच्या शब्दावर भांडणं मिटतात आणि लग्नं ठरतात, आणि त्याच्या हाताखाली कारभारी.

"कप्तान म्हणू नका," सर म्हणाले. "नायक म्हणा. दाढीवाला नायक. अन् भुऱ्या कारभारी."

बाकीचे आम्ही दर आठवड्याला कप्तान बदलायचो, समोरचा संघ कच्चा की पक्का ते बघून. सरांना हे विचित्र वाटे. "नायक का दर शनिवारी बदलते?" ते विचारत, आणि त्यांना खरंच उत्तर हवं असायचं.

सोमवारी पहिल्या तासाआधी ते माझ्याजवळ येत. गुण किती झाले हे विचारत नसत. विचारत, "पोट्टे कसे हायेत?" मग पिशवीतून शाळेचा जुना हजेरीपट काढत. त्यात त्यांनी आपल्या पंधराही जणांची नावं लिहिली होती, दाढीवाला, भुऱ्या, लंबू आणि इतर बारा, आणि कोण खेळला, कोण नाही याची हजेरी भरत. जो बाकावर बसून राहिला त्याच्यापुढे पेन्सिलीनं लहानसा ठिपका. दोन ठिपके झाले की तिसऱ्या आठवड्यात तो आपल्या अकरात हवाच. मी कपाळावर हात मारून घ्यायचो. तिकडे इंग्लंडात त्या खेळाडूला पुसदचा कोणी मास्तर आपल्याला खेळवतो की बसवतो हे ठाऊकही नाही, हे मी त्यांना तीनदा समजावून सांगितलं.

"त्याले नसन मालूम," सर म्हणाले. "मले हाय नं."

अर्थात ते खाली गेले. दिवाळीपर्यंत नऊ जणांत नववे. त्यात दाढीवाल्याचा गुडघा दुखावला आणि तो पाच आठवडे बाहेर. आम्ही सगळ्यांनी त्याला त्याच दिवशी काढून टाकलं. सरांचा नायक मात्र तोच. त्यामुळे दुप्पट गुण कारभाऱ्याचे, आणि भुऱ्या तर शेवटची दहा मिनिटं मैदानात यायचा.

"सर, तुमचा नायक दवाखान्यात हाय," मडावी मॅडम म्हणाल्या. "काढा आता त्याले."

"दवाखान्यात हाय म्हणून तं काढू नाई," सर म्हणाले.

मी तेव्हा मोठ्यानं हसलो होतो आणि बाकीच्यांनाही हसवलं होतं.

मग वारं फिरलं. जानेवारीत दाढीवाला परत आला तो भुकेल्यासारखा खेळायला लागला, आणि आता त्याला परत घ्यायचं तर आम्हा सगळ्यांना आपापला संघ मोडावा लागत होता. सरांकडे तो होताच. एका शनिवारी लंबूची पाळी आली म्हणून त्यांनी त्याला गोलात घातला. त्यानं पेनल्टी अडवली, एकही गोल होऊ दिला नाही आणि चौदा गुण आणले. मार्चमध्ये सर तिसरे होते, एप्रिलच्या अखेरीस पहिले. दुसरा मी.

त्या दिवसांत सर बदलले असं म्हणता येणार नाही, पण कपाटाकडे बघायला लागले. एकदा मधल्या सुट्टीत आम्ही दोघंच होतो. शेंगा सोलता सोलता ते म्हणाले, "वानखडे सर, रिटायर होणाऱ्याले शाल भेटतेच. थे वयाची शाल हाय. मले एक जिंकल्याची पायजे होती." मग स्वतःच ओशाळले आणि टरफलं गोळा करून उठून गेले.

मला सगळं कळलं होतं. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे जे झालं ते न कळता झालं असं कोणाला वाटू नये.

मेच्या शेवटच्या रविवारी शेवटचे सामने होते. शाळेला सुट्ट्या लागलेल्या. मंगळवारी सरांचा निरोप समारंभ आणि त्यातच शालीचा कार्यक्रम. सर माझ्यापुढे अकरा गुणांनी होते. संघ बदलायला संध्याकाळी सातपर्यंत मुभा, मग कुलूप. साडेपाचला त्यांचा फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज होता.

"वानखडे सर, आज नायक बदलाचा हाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय म्हणता सर? तुम्ही?"

"थो लंगडून राह्यला. मागच्या मॅचीतलं पुतण्याच्या मोबाईलवर पायलं म्या. कोनाच्या ध्यानात नाई आलं, पण पाय जपून टाकते थो. खेळन, पण नुसता उभा राहीन. त्याले संघात राहू द्या, फक्त नायक भुऱ्याले करा. आजोबानंही शेवटी आपल्या हातानंच पागोटं देल्लं होतं कारभाऱ्याले." मग म्हणाले, "मीबी चाललोच नं मंगळवारी."

"करतो सर."

"याद ठेवजा हं. खाली टावर नाई, टेकडीवर चढून फोन लावला."

बत्तीस वर्षं पोरांचे पाय बघितलेला माणूस होता तो. माझ्या कुठल्याही तक्त्यात तो लंगडा पाय नव्हता. मी फोन ठेवला आणि आधी माझा संघ उघडला. भुऱ्याला मी वर्षभर हसलो होतो. त्याला आत घेतला आणि कप्तान केला. मग सरांचा संघ उघडला. दाढीवाल्याच्या नावापुढे कप्तानाची खूण होती. ती भुऱ्यापुढे न्यायला दोनदा बोट लावायचं, एवढंच काम. माझ्याजवळ तासाहून जास्त वेळ होता. मी चहा करून प्यालो. गच्चीवरचे कपडे काढून आणले, जे मी कधीच काढत नाही. पुन्हा मोबाईल पाहिला. सात वाजून दोन मिनिटं झाली होती.

मी विसरलो नव्हतो.

त्या संध्याकाळी दाढीवाला तासभर मैदानात उभा राहिला आणि दोन गुण घेऊन बाहेर पडला. भुऱ्यानं तीन गोल केले. मी सहा गुणांनी जिंकलो. खूण बदलली असती तर सर नऊ गुणांनी जिंकले असते. हा हिशेब मी कागदावर केला नाही, पण तेव्हापासून तो रोज डोक्यात होतो.

सोमवारी सकाळी त्यांचा फोन. "पोट्टे कसे हायेत?"

"सर, काल आमच्याकडे टावरच नव्हता," मी म्हणालो. "बदलता आलं नाही. फार वाईट वाटलं."

"असू द्या," सर म्हणाले. "भुऱ्या चांगला खेळला नं?"

मंगळवारी मुख्याध्यापकांनी सरांना शाल दिली, त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, साडी दिली, भाषणं झाली. मग कोणीतरी सुचवलं की लीगची शाल सरांच्याच हातून द्यावी. सर उठले. त्यांच्या खांद्यावर स्वतःची शाल होती, ती घसरू नये म्हणून त्यांनी टोक दातात धरलं आणि दोन्ही हातांनी माझी शाल उलगडली. तेवढ्यात मडावी मॅडम म्हणाल्या, "पण सर, तुमी तं मले शनिवारी म्हणले होते, नायक बदलतो म्हणून. मंग?"

मी सरांकडे बघू शकलो नाही, त्यांच्या बुटांकडे बघत राहिलो. कॅनव्हासचे पांढरे बूट, आज नव्यानं खडू लावून आणलेले.

"म्हणलं होतं, मॅडम," सर दातातलं टोक सोडून म्हणाले. "पण मंग मनच नाई झालं. नायक हाय बाप्पा थो."

सगळी स्टाफरूम हसली. राठोड सरांना माणूस वगळता येत नाही, कोणीतरी माझाच विनोद मला ऐकवला. मीही हसलो. फोटोत मी हसताना दिसतो. सरांनी माझ्या अंगावर शाल घातली, नारळ हातात दिला आणि पाठीवर थाप मारली. मी त्या वेळी स्वतःला सांगितलं की सरांनी टावरची गोष्ट खरी मानली आहे आणि मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ते असं बोलले. तसं मानणं माझ्या सोयीचं होतं.

ती शाल मी कपाटात ठेवली नाही. कुठे ठेवली ते बायकोनं विचारलं तर तिच्यावरच चिडलो. जून गेला, जुलै गेला. शाळेत नवे पीटीचे सर आले, ते दिवसभर शिट्टी वाजवतात. नवी लीग सुरू करा म्हणून सगळे मागे लागले, तर मला मोबाईल हातात धरवेना. शेवटी पोळ्याच्या आधीच्या एका रविवारी मी गाडी काढली आणि तांड्यावर गेलो.

सर ओसरीवर फवारणीच्या पंपाचं नोझल मोकळं करत बसले होते. "रामरामी, रामरामी," म्हणत उठले. काकूंना गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, काहीतरी म्हणाले, त्यातलं 'चा' एवढंच मला कळलं. बाजेवर बसायच्या आधीच मी सांगून टाकलं. टावर होता. मी मुद्दाम केलं नाही. रस्ताभर तयार केलेली वाक्यं होती, ती कुठल्या कुठे गेली. एवढंच बोललो.

सरांनी तारेनं नोझलमधली घाण काढली, फुंकर मारून उजेडात धरून बघितलं.

"मले तवाच समजलं," ते म्हणाले.

"कसं?"

"तुमच्या संघात भुऱ्या नायक होता नं. पुतण्यानं दाखवलं. आता टावर का तुमच्या संघापुरताच होता?"

एवढी साधी गोष्ट. वर्षभर तक्ते मांडणाऱ्या माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं की कुलूप लागलं की पासवर्ड नसला तरी सगळ्यांना सगळ्यांचे संघ दिसतात. म्हणजे सोमवारी फोनवर त्यांना ठाऊक होतं. मंगळवारी शाल उलगडताना ठाऊक होतं. वाटलं, आता तरी यांनी दोन शिव्या द्याव्यात.

"मग सर, बोलले काहून नाही? मॅडमनी विचारलं तेव्हा तरी?"

"काय बोलू?" त्यांच्या आवाजात राग शोधूनही सापडला नाही. "मी तं चाललो होतो. तुमाले अजून सोळा वर्षं त्याच खोलीत बसाचं हाय."

काकूंनी चहा आणला. तो मी कसा प्यालो मला आठवत नाही. सर पावसाबद्दल बोलत होते, सोयाबीनवर आळी पडल्याचं सांगत होते, मडावी मॅडमच्या मुलीची दहावी कशी गेली ते विचारत होते. मी हो-नाही करत होतो. निघालो तेव्हा ते तांड्याच्या बाहेरपर्यंत सोबत आले.

उतारावरच्या चिखलात माझं मागचं चाक रुतलं. मी गाडी रेस करत राहिलो आणि चाक जागच्या जागी फिरत चिखल मागे उडवत राहिलं. "थांबा, थांबा," म्हणत सरांनी पायजमा वर खोचला आणि मागून दोन्ही हात लावून ढकलायला लागले. "हां, आता द्या. द्या!" गाडी एकदम सुटली. थांबावं, उतरावं, निदान मागे वळून बघावं, हे सगळं मनात आलं. पण गाडी पुन्हा रुतेल असं स्वतःला सांगत मी तसाच पुढे गेलो. डांबरी लागल्यावर आरशात बघितलं. सर अजून तिथेच उभे होते, टोपीपासून गुडघ्यापर्यंत माझ्या चाकानं उडवलेल्या चिखलानं माखलेले, आणि दोन्ही हात हलवून मला सावकाश जा, सावकाश जा, असं खुणावत होते.